वातोचे विसावलेले शिपाई: ‘व्हालांसिएनची वेस’ या चित्राविषयी

कुंचला

रोकोको (अठराव्या शतकातल्या फ्रान्सची नाजूक, सजावटी शैली) चित्रकला म्हटली की आपल्यापुढे बहुधा रेशमी झगे, बागेतले झोपाळे, गुबगुबीत देवदूत आणि कुणाच्याही कपाळावर आठी नसलेले एक सुखवस्तू जग उभे राहते. या शैलीच्या उगमाशी ज्याचे नाव घेतले जाते, त्या आंत्वान वातोने (१६८४–१७२१) ऐन पंचविशीत शिपायांची चित्रे काढली होती, आणि ती चित्रे वरच्या वर्णनात कुठेच बसत नाहीत. त्यांतल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या चित्राविषयी, म्हणजे न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमधल्या ‘व्हालांसिएनची वेस’ या चित्राविषयी, चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

चित्र साधारण १७१०–११ सालचे, कॅनव्हासवरचे तैलचित्र, सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर रुंद आहे. किल्लेबंद शहराच्या वेशीपाशी काही शिपाई विसावलेले आहेत. कोणी बसले आहे, कोणी जमिनीवर आडवे झाले आहे, कोणी नुसतेच उभे आहे. मागे तटाची भिंत आणि दरवाजाची कमान दिसते. लढाई नाही, सेनापती नाही, फडकणारे निशाण नाही, आणि चित्राला ‘प्रसंग’ म्हणावे असे काही घडतही नाही.

हे चित्र ज्या काळात रंगवले गेले तो काळ मात्र घडामोडींनी नुसता ठासून भरलेला होता. स्पेनच्या गादीच्या वारसाहक्कावरून पेटलेले युद्ध (१७०१–१७१४) तेव्हा फ्रान्सच्या उत्तर सीमेवर येऊन ठेपले होते. १७०९ च्या जानेवारीत अशी थंडी पडली की शेतातले पेरलेले गहू गोठून गेले, दुष्काळ पडला आणि फ्रान्समध्ये लाखो माणसे मेली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला मालप्लाकेची लढाई झाली. मार्लबरो आणि युजीन या सेनापतींच्या फ्रान्सविरोधी मित्रसैन्याची त्या एका दिवसातली हानी वीस हजारांच्या वर गेली, फ्रेंचांची त्याच्या जवळपास निम्मी होती. हे रणांगण वातोच्या जन्मगावापासून, म्हणजे व्हालांसिएनपासून, साधारण तीस किलोमीटरच्या टापूत आहे. आणि त्या शरदात वातो पॅरिसहून नेमका त्याच गावी परतला होता.

इतक्या जवळून युद्ध पाहिलेल्या चित्रकाराने लढाई एकदाही रंगवू नये आणि विश्रांती मात्र पुन्हा पुन्हा रंगवावी, याचा अर्थ कसा लावायचा? माझे मत आधीच सांगून ठेवतो. वातोने युद्धाकडे पाठ फिरवली असे मला वाटत नाही. शिपायाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग, म्हणजे वाट पाहणे, त्याने चित्राचा विषय केला, आणि तसे करणारा तो त्याच्या पिढीत जवळजवळ एकटाच होता.

दारूगोळा

कुंचला, विषय उत्तम निवडला आहे. पण तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही.

‘वाट पाहणे हाच शिपायाच्या आयुष्याचा मोठा भाग’ हे तुमचे म्हणणे त्या काळापुरते अगदी बरोबर आहे, आणि त्यामागे ठोस कारणेही आहेत. मोहीम वसंतात सुरू होई आणि शरदात थांबे, कारण हजारो घोड्यांना हिरवा चारा लागे आणि रस्ते कोरडे लागत. उरलेले महिने हिवाळी मुक्कामात जात. मोहिमेतही समोरासमोरच्या लढाया क्वचितच होत आणि बहुतेक काळ वेढ्यांत जाई. व्हालांसिएनच्या आसपासच पाहा: १७०८ मध्ये लील पडले, १७०९ मध्ये तुर्ने आणि माँस, १७१० मध्ये दुए. प्रत्येक वेढा म्हणजे आठवडेच्या आठवडे खंदक खणणे, पहारे देणे आणि शिध्याची वाट पाहणे. तेव्हा वेशीपाशी निवांत पडलेले शिपाई दाखवणे हा वास्तववादच झाला, हे मान्य.

पण मग भूक कुठे आहे? १७०९ मध्ये फ्रेंच सेनापती मार्शल व्हिलारच्या सैन्याला भाकरीचा तुटवडा इतका होता की तो रांगांमधून फिरत असताना शिपाई त्याच्याकडे ख्रिस्ती प्रार्थनेतल्या शब्दांत रोजची भाकरी मागत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. वातोचे शिपाई थकलेले दिसतात, पण उपाशी दिसत नाहीत. अंगावरचे लांब कोट, तिकोनी टोप्या, गुडघ्यापर्यंतची पायताणे सगळे जागच्या जागी आहे. त्यांच्या आधी पाऊणशे वर्षे, १६३३ मध्ये, जाक कालोने युद्धाच्या हालअपेष्टांवरची एचिंगची (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका प्रसिद्ध केली होती. तिच्यात लूट आहे, जाळपोळ आहे, झाडाला लटकवलेली माणसे आहेत. तिच्या शेजारी वातो ठेवला तर तो मला हातचे राखून बोलणारा वाटतो. पॅरिसच्या दिवाणखान्यात टांगायचे चित्र होते, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या जेवणावरची वासना उडणार नाही एवढी काळजी त्याने घेतलीच असणार.

निरंजना

गिऱ्हाइकाचा मुद्दा निघालाच आहे तर तो व्यवहार कसा झाला हेही सांगायला हवे, कारण त्याची हकीकत चित्रविक्रेता झेर्सँ याने १७४४ मध्ये लिहून ठेवली आहे.

वातो तेव्हा क्लोद ओद्राँ या नामांकित सजावटकाराच्या हाताखाली लुक्सेंबुर्ग राजवाड्यात काम करत होता. फावल्या वेळात त्याने सैन्याच्या कूचाचे एक चित्र काढले आणि ओद्राँला दाखवले. इतका कुशल हात आपल्याकडून निघून जाईल या भीतीने ओद्राँने त्याला सल्ला दिला की असल्या चित्रांत वेळ घालवू नये. (हाताखालच्या कारागिराला असा ‘हितोपदेश’ देणारे वरिष्ठ सर्व शतकांत सापडतात.) वातोने तो सल्ला मानला नाही. स्पुद नावाच्या मित्राच्या मध्यस्थीने ते चित्र सिर्वा या विक्रेत्याने ६० लिव्हरना (तेव्हाचे फ्रेंच चलन) घेतले, आणि त्या पैशांवर वातो व्हालांसिएनला गेला. सिर्वा हा झेर्सँचा सासरा, म्हणजे ही माहिती घरातलीच आहे. चित्र आवडल्यामुळे सिर्वाने त्याला जोड म्हणून दुसरे मागवले, आणि त्याचे २०० लिव्हर दिले.

या हकिकतीत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिले चित्र पॅरिसमध्ये झाले, म्हणजे ते आधीच्या चित्रांच्या आणि छापील प्रतींच्या आधाराने रचलेले असणार. दुसरे व्हालांसिएनमध्ये, प्रत्यक्ष पाहून. हे दुसरे म्हणजे आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात असलेला सैन्याचा तळ, असे मानले जाते. दुसरी गोष्ट अशी की ज्या चित्राला तिपटीहून अधिक किंमत मिळाली त्याचा विषय विश्रांती हाच होता. तेव्हा दारूगोळा यांचे गिऱ्हाइकाविषयीचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मात्र सिर्वाने ‘सुंदर करून दे’ असे सांगितल्याचा उल्लेख कुठेही नाही.

सांजवेळ

मला चर्चा थोडी चित्राच्या घडणीकडे न्यावीशी वाटते, कारण माझ्या मते उत्तर तिथे आहे.

वातोची रेखाटने पाहिलेल्यांना ठाऊक असेल की त्याचे खरे माध्यम तांबडा खडू. तो सतत माणसे रेखाटत असे आणि ती रेखाटने बांधलेल्या वह्यांमध्ये जपून ठेवत असे. त्याचा मित्र कोंत द केलूस याने १७४८ मध्ये फ्रान्सच्या राजेशाही चित्रकला अकादमीपुढे वाचलेल्या चरित्रात सांगितले आहे की चित्र रचताना वातो त्या वहीतून हव्या त्या आकृत्या निवडे आणि आधी तयार केलेल्या निसर्गाच्या पार्श्वभूमीवर त्यांचे गट करी. संपूर्ण रचनेचा कच्चा आराखडा तो क्वचितच काढी. केलूसने हे नापसंतीच्या सुरात लिहिले आहे, कारण अकादमीच्या शिस्तीत आधी कथा, मग रचना, मग एकेका आकृतीचा अभ्यास असा क्रम असे. वातोने तो क्रम नेमका उलटा केला.

आता याचा शिपायांच्या चित्रांवर काय परिणाम होतो ते पाहा. रेखाटनाच्या कागदावर शिपाई एकटा असतो. पॅरिसच्या फोंदासियों कुस्तोदिया या संग्रहातल्या कागदावर एकाच शिपायाची तीन रूपे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांतले एक पाठमोरे आहे. त्यांच्यात संवाद असण्याचा प्रश्नच येत नाही. असे सुटे सुटे रेखाटलेले शिपाई एका कॅनव्हासवर एकत्र आणले की ते जवळ बसतात पण एकमेकांचे होत नाहीत. ‘व्हालांसिएनची वेस’ पाहताना जाणवणारा दुरावा हा असा कामाच्या पद्धतीतून आलेला आहे. अकादमीतल्या एखाद्या शिस्तशीर चित्रकाराने याच माणसांना पत्ते खेळताना, भांडताना किंवा हसताना दाखवून गट ‘जुळवला’ असता. नेदरलँड्सच्या पहारेघरांच्या चित्रांत तर तसे शेकड्यांनी आहे. वातोने ते जुळवले नाही. गावोगावचे भरती केलेले, एकमेकांची बोलीही धड न समजणारे तरुण एका भिंतीच्या आडोशाला येऊन पडले की ते असेच दिसणार, आणि ते तसेच राहू द्यावेत एवढी समज त्याला होती.

म्हणून, दारूगोळा, भूक दाखवली नाही हा आक्षेप मला कमी महत्त्वाचा वाटतो. कालोच्या मालिकेत माणसांचे काय केले जाते ते दिसते. वातोकडे आपल्याला शिपाई उरलेल्या वेळात भेटतात, जेव्हा त्यांचे कोणीच काही करत नसते.

अटकेपार

मी न्यू जर्सीत राहत असल्यामुळे हे चित्र प्रत्यक्ष पाहता आले. फ्रिकमध्ये छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि हे इथे पथ्यावरच पडते, कारण माणूस निमूट चित्रासमोर उभा राहतो.

पहिली गोष्ट आकाराची. पडद्यावर पाहताना लक्षात येत नाही, पण हे चित्र दोन हातांत धरता येईल एवढे आहे. चौदाव्या लुईच्या युद्धांची चित्रे रंगवणारा आदाम फ्रान्स व्हान डर मॉयलन डोळ्यांसमोर आणा: पुढे उंचवट्यावर घोड्यावर बसलेला राजा आणि त्याचा लवाजमा, खाली दूरवर वेढा पडलेले शहर, आणि शिपाई म्हणजे मुंग्यांच्या ओळी. वातोने कॅनव्हास लहान केला आणि माणूस जवळ आणला. व्हालांसिएन हे शहर लुईनेच १६७७ मध्ये स्पेनकडून जिंकून घेतले होते. वातोचा जन्म त्यानंतर सात वर्षांनी झाला. म्हणजे ज्या तटाशी हे शिपाई टेकले आहेत तो तट राजाच्या विजयगाथेतला आहे. चित्रात मात्र त्या गाथेचा मागमूस नाही. तो तट फक्त आडोसा देतो.

दुसरी गोष्ट रंगांची. वातो कामात उतावळा होता. तेल भरपूर वापरी, भांडे आणि कुंचले वेळेवर स्वच्छ करत नसे, अशी तक्रार केलूसनेच केली आहे. त्यामुळे त्याची अनेक चित्रे काळवंडली आणि तडकली. आज त्यांत जी उदास संध्याकाळ आपल्याला दिसते, तिच्यात तीनशे वर्षांच्या तेलाचाही वाटा असू शकतो, हे लक्षात ठेवून बोलावे. फ्रिकने हे चित्र १९९१ मध्ये घेतले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच्या भोवती वातोच्या शिपायांचेच एक प्रदर्शन भरवले. अशी सुमारे डझनभर चित्रे वातोने काढली असावीत, आणि त्यांतली सात आज अस्तित्वात आहेत असे तिथे मांडले होते. बाकीची त्याच्या मृत्यूनंतर मित्र जाँ द ज्युलिएनने काढवून घेतलेल्या छापील प्रतींवरून माहीत आहेत.

दारूगोळा

अटकेपार यांचा काळवंडलेल्या तेलाचा मुद्दा मला फार पटला. ‘उदासी’ हा शब्द वातोच्या बाबतीत इतका सढळ वापरला जातो की त्याला क्षयाने छत्तिसाव्या वर्षी मृत्यू आला नसता तर याच चित्रांना आपण काय म्हटले असते, असा प्रश्न पडतो.

सांजवेळ यांचा रेखाटनांविषयीचा युक्तिवाद मी मान्य करतो, पण एक अडचण सांगतो. वहीतून आकृत्या उचलण्याची हीच पद्धत त्याने पुढे बागेतल्या प्रेमी युगुलांच्या चित्रांसाठीही वापरली. मग दुरावा तिथेही असायला हवा.

सांजवेळ

तो तिथेही आहेच. अकादमीने १७१७ मध्ये ज्या चित्रावर वातोला पूर्ण सदस्यत्व दिले, त्या कीथेरा या प्रेमदेवतेच्या बेटाच्या यात्रेकडे पाहा, किंवा बागेतल्या कुठल्याही मेळाव्याकडे. कोणीतरी पाठमोरे आहे, कोणी गटाच्या काठावर एकटे उभे आहे, बोलणाऱ्याकडे ऐकणाऱ्याचे लक्ष नाही. रेशमी झगे घातलेली ही मंडळी म्हणजे वेशीपाशी पडलेल्या शिपायांचीच पुढची पिढी आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. रिकाम्या वेळात माणसांची अंगे कशी सैलावतात, ती कुठे टेकतात, कुठे पाहतात, हे वातो आधी छावणीत शिकला आणि नंतर बागेत घेऊन गेला. म्हणून रोकोकोच्या इतिहासात ही शिपायांची चित्रे आडबाजूला ठेवण्याची जी रीत आहे, ती मला चुकीची वाटते.

निरंजना

छावणीतल्या स्त्रियांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. पुश्किनमधल्या तळाच्या चित्रात आणि माद्रिदच्या थिस्सेन-बोर्नेमिझा संग्रहालयातल्या ‘मुक्काम’ या साधारण १७०९ च्या चित्रात शिपायांबरोबर बायका आहेत. त्या काळच्या कुठल्याही सैन्यामागे बुणगे असतच: शिधा-दारू विकणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बायका, आणि त्यांची पोरे. राजाच्या विजयचित्रांत या बायका दिसल्याच तर कोपऱ्यात दिसतात. वातो त्यांना शिपायांच्या बरोबरीने मध्ये बसवतो आणि त्यांची थट्टाही करत नाही.

आता याच्या शेजारी जाँ-बातिस्त पातेर ठेवा. तोही व्हालांसिएनचाच, वातोपेक्षा अकरा वर्षांनी लहान. वातोकडे तो थोडा काळ शिकला, मग दोघांचे बिनसले. १७२१ मध्ये नोझाँ-स्युर-मार्नला मरणपंथाला लागलेल्या वातोने त्याला पुन्हा बोलावून घेतले आणि शेवटचे काही आठवडे शिकवले. आपल्याला जे काही येते ते त्याच दिवसांत आले, असे पातेर पुढे सांगत असे. १७२८ मध्ये त्याला अकादमीत प्रवेश मिळाला तोही शिपायांच्या मौजमजेच्या चित्रावर. ते आज लूव्रमध्ये आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याची एक जोडी आहे, कूच करणारे सैन्य आणि विसावलेले सैन्य. विसाव्याच्या चित्रात तंबू आहेत, खाणेपिणे आहे, लाडीगोडी आहे, आणि सगळ्यावर एक मऊ, चंदेरी उजेड पसरला आहे. चित्र गोड आहे, मला आवडतेही. पण त्यात कोणी दमलेले नाही. दारूगोळा यांनी जो आक्षेप वातोवर घेतला तो खरे तर पातेरवर घ्यायला हवा.

कुंचला

सर्वांचे आभार. निरंजना यांनी केलेली तुलना मी धागा काढताना टाळली होती, कारण ती पातेरवर अन्याय करेल अशी भीती होती. पण आता ती आलीच आहे तर माझेही मत नोंदवतो.

पातेरच्या काळात, म्हणजे १७२० च्या दशकात, फ्रान्समध्ये मोठे युद्ध चालू नव्हते. स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध संपवणारे तह आधीच झाले होते, युट्रेक्टचा १७१३ मध्ये, रास्तात्तचा १७१४ मध्ये. शांततेत वाढलेल्या गिऱ्हाइकाला छावणी म्हणजे मोकळ्या हवेतली सहल वाटत असेल तर नवल नाही, आणि पातेरने त्याला ती सहल दिली. वातोची शिपायांची चित्रेही साधारण १७१५ पर्यंतच येतात, नंतर थांबतात. त्या शेवटच्या टप्प्यातली जोडी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे, ‘युद्धाचे कष्ट’ आणि ‘युद्धातले विरंगुळे’. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेली, जेमतेम वीतभर उंचीची. कॅथरीन राणीने १७७२ मध्ये पॅरिसचा क्रोझा संग्रह विकत घेतला तेव्हा ती रशियात गेली. ‘कष्टां’च्या चित्रात वादळी वाऱ्यातून चाललेली माणसे आणि ओझ्याची जनावरे आहेत. ‘विरंगुळ्या’च्या चित्रात कनातीखाली बसून खाणेपिणे चालले आहे, आणि इथे वातो पातेरच्या फार जवळ येतो. तेव्हा गोडवा शिष्याने बाहेरून आणला असे म्हणता येणार नाही; गुरूच्या हातातच तो उतरू लागला होता. दारूगोळा यांचा आक्षेप ‘वेशी’ला लागू नसला तरी या चित्राला थोडा लागू पडतो, हे मी मान्य करीन.

मालप्लाकेच्या लढाईशी वातोचा थेट संबंध दाखवणारा एक माणूसही आहे. आंत्वान द ला रोक हा राजाच्या रक्षकदलातला घोडेस्वार त्या लढाईत पाय गमावून बसला आणि उपचारांसाठी व्हालांसिएनमध्ये राहिला. तिथे वातोची आणि त्याची मैत्री झाली. पुढे तो ‘मर्क्युर द फ्रान्स’ या नियतकालिकाचा संपादक आणि मोठा चित्रसंग्राहक झाला. वातोने त्याचे व्यक्तिचित्र काढले आहे, आणि त्यातही तो बसलेलाच आहे.

दारूगोळा

ला रोकचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण त्यामुळे माझी बाजू थोडी मऊ होते आणि थोडी टणकही. वातोला युद्धाने माणसाचे काय होते हे एका मित्राच्या तुटलेल्या पायावरून रोज दिसत होते. तरीही ‘वेशी’त त्याने सगळे शिपाई हातीपायी धड दाखवले. याला तुम्ही संयम म्हणाल. मी त्याला निवड म्हणेन, आणि त्या निवडीची किंमत चित्राने मोजली आहे असेही म्हणेन. मात्र ‘सजावट’ हा शब्द मनात होता, तो या चित्रापुरता मागे घेतो. पातेरसाठी राखून ठेवतो.